जांगडावरचा हिरा

दुकानातल्या दिव्याखाली हिरा पाहायचाच नसतो. उमरखेडला एका सेठच्या सराफी दुकानात काउंटरमागे बसून बावीस वर्षं मी हे सांगत आलो आणि बावीस वर्षांत पाच-सहा जणांनी ऐकलं असेल. वरून आम्ही जे दिवे सोडतो नं, त्यांच्याखाली फुटक्या बाटलीचा तुकडाही नाचतो. म्हणून मी गिऱ्हाइकाला म्हणतो, चला, बाहेर चला. दुकानापुढच्या पत्र्याच्या सावलीत पांढऱ्या कागदाच्या घडीत खडा ठेवायचा आणि घाई न करता पाहायचा. चांगल्या घाटाचा हिरा सावलीतही बोलतो. वाईट घाटाचा तिथं आला की गप्प बसतो.

ही नजर मी सुरतेहून आणली. तरणा असताना नऊ वर्षं तिथं पैलू पाडायच्या कारखान्यात चाकावर बसलो. पाठ गेली, डोळ्याला चष्मा लागला, पण एक गोष्ट शिकलो, की हिऱ्यात सगळा खेळ मापाचा. हिऱ्याला कंबर असते, कंबरेखाली पोट असतं, आणि डोक्यावर सपाट जागा असते, तिला टेबल म्हणतात. पोट फार खोल गेलं तर वरून आत शिरलेला उजेड खालून निसटून जातो आणि मधोमध काळा ठिपका दिसतो, खिळा ठोकल्यासारखा. पोट उथळ राहिलं तर टेबलातून कंबरेचं पांढरट वर्तुळ दिसतं, आणि ते एकदा दिसलं की दुसरं काही दिसत नाही. टेबल फार रुंद केलं की रंग फुटत नाहीत. कंबर फार पातळ असली तर दागिना घडवतानाच टवका उडतो, आणि फार जाड असली तर समजून घ्यायचं की कारागिराने वजन वाचवायला उजेड मारला.

आमच्याकडचं गिऱ्हाईक पहिला प्रश्न हाच विचारतं, वजन किती? कापूस विकणारा माणूस, तूर विकणारा माणूस, त्याचा सगळा जन्म काट्यापुढे गेलेला. मी म्हणतो, भाऊ, पोटातलं वजन घेऊन काय करता, ते अंगठीत दिसत नाही. तो म्हणतो, "पण जास्त हाये नं?" आता काय बोलायचं, सांगा. डोकं आपटून घ्यावं वाटतं.

पण वजनाचंही चालून जातं. घाट, कंबर, पोट सगळं समजावून झालं, माणसाने मान डोलावली, की तो हळूच विचारतो, "शुक्रवारी नेऊ का मंग?" हिरा शुक्राचा, म्हणून शुक्रवारी न्यायचा. पांढऱ्या कपड्यात बांधून देवाजवळ ठेवायचा, पुढच्या शुक्रवारपर्यंत. आठ दिवसांत घरात काही वाईट झालं नाही तर हिरा लाभला. झालं तर वापस. माल पसंत पडेपर्यंत असा घरी नेऊ द्यायचा, याला आमच्या धंद्यात जांगड म्हणतात. जांगडवहीत सही घ्यायची, पुडी द्यायची, आणि आठ दिवस वाट पाहायची. म्हणजे बघा, सुरतेत कोणीतरी महिनाभर मान मोडून पैलू पाडले, मी भिंग लावून शंभरातून एक निवडला, आणि पास-नापास ठरवणार कोण, तर त्या आठ दिवसांत त्यांच्या घरी कोणाला जुलाब लागले की नाही ते.

कोणत्या घरात आठ दिवसांत काहीच होत नाही हो? म्हैस आटते, पोराला ताप येतो, जावा-जावांचं वाजतं, कोणाची गाडी घसरते. हिरे परत यायचे. लोक पुडी अशी धरून आणायचे की जणू हाताला चटका बसेल. आणि मी काय करायचो? मी चेहरा गंभीर करायचो आणि म्हणायचो, "बरं केलं वापस आणला. लाभला पायजे." कारण असं म्हटलं की तोच माणूस दुसरा हिरा घेऊन जायचा, आणि वाद घातला तर बाजूच्या दुकानात. तो गेला की मी पुडीचा कागद बदलायचो. जुना कागद कचऱ्यात, नवा कोरा कागद, आणि पुढच्या शुक्रवारी तोच हिरा दुसऱ्या घरी. तिथं तो लाभायचा. मला मनातल्या मनात हसू यायचं. मी स्वतःला लय हुशार समजत होतो तेव्हा.

एकदाच एका बौद्ध मास्तरीणबाईंनी मला अडवलं. मी सवयीने म्हणालो, शुक्रवारी घेऊन जा. त्या म्हणाल्या, "घरी नेऊन काय करू? आमच्या घरी हे चालत नाही. तुम्ही उजेडात दाखवा अन् हे कंबर-पोट काय असते ते मले नीट सांगा." अर्धा तास आम्ही पत्र्याखाली उभे होतो. दोन खडे त्यांनी नापास केले, बरोबर कारण देऊन. तिसरा घेतला, पैसे दिले, गेल्या. त्या दिवशी मी घरी जाऊन बायकोला दोनदा तीच गोष्ट सांगितली. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक आलं आणि मी पुन्हा म्हणालो, लाभला पायजे.

आणि एक ढाणकीचा माणूस. बायकोच्या कुड्यांसाठी दोन खडे नेले होते. सहाव्या दिवशी विहिरीवरची मोटर जळाली म्हणून परत घेऊन आला. मोटर जुनी, लाइटचा ठिकाणा नाही, जळणारच होती. पण हा माणूस जरा वेगळा होता. पुडी काउंटरवर ठेवली आणि माझ्या डोळ्यांत पाहत विचारलं, "भाऊ, खरं सांगा. तुम्ही सुरतले राह्यलेले, हजारो हिरे पाह्यले. हे असं असते काय?" तो खरंच विचारत होता. त्याच्या मनात शंका आली होती आणि ती शंका घेऊन तो माझ्याकडे आला होता. एका शब्दाचं काम होतं. मी म्हणालो, "असते. म्या सोता पाह्यलं हाये."

तो मान हलवून गेला. पुढच्या शुक्रवारी दुसरे खडे घेऊन गेला, ते लाभले, आणि तेव्हापासून तो मला फार मानायला लागला. दुकानात आला की आधी मला हात जोडायचा. पुढे त्यानेच माझ्या मुलीसाठी स्थळ आणलं. त्याच्या बहिणीचा मुलगा, ढाणकीतच बियाणं-खताचं दुकान, शेती घरची, पोरगा निर्व्यसनी.

माझी एकच मुलगी. इथल्याच एका दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्त तपासते. सकाळी स्कूटी काढते, लोकांच्या घरी जाऊन रक्त घेते, दुपारी मशीनपुढे बसते. बोलायला फटकळ, माझ्यावर गेलेली. तोवर तीन स्थळांना तिनेच नाही म्हटलं होतं. हा पोरगा पाहून गेला आणि ती काही बोलली नाही. आठवड्याने तिची आई मला हाताने खुणावते, इकडे या. स्वयंपाकघरात पोरगी फोन कानाला लावून ओट्याला टेकून उभी, आणि हसून राहिली होती. गॅसवर दूध उतू जाऊन राहिलं होतं, तिला पत्ता नाही. आम्ही दोघं म्हातारे दाराआड उभे राहून ते दूध उतू जाताना पाहत होतो. कोणी गॅस बंद केला नाही. मला जगाकडून एवढंच पाहिजे होतं. पोरगी अशी हसत जावी, बस.

साक्षगंधाची तारीख ठरली. अंगठी मुलाकडून, आणि मुलाने सांगितलं की खडा काकाच, म्हणजे मीच, निवडणार. माझ्याकडे एक हिरा होता. दीड वर्षापासून मी तो तिजोरीत मागच्या बाजूला ठेवून देत होतो, गिऱ्हाइकाला दाखवत नव्हतो. फार मोठा नव्हता. पण काय घाट होता! टेबल जिथल्या तिथं, कंबर सरळ रेष मारल्यासारखी, पोट ना खोल ना उथळ. वरून पाहिलं तर आठही बाजूंनी उजेड सारखा यायचा. इकडून वाकवा, तिकडून वाकवा, कुठं अंधारी जागा सापडत नव्हती. सुरतेतही असे नऊ वर्षांत दोन-तीनच पाहिले असतील. तो कोणासाठी ठेवत होतो हे तेव्हा मलाच माहीत नव्हतं.

शुक्रवारी ते चौघं आले. मुलगा, त्याचे आई-बाबा आणि ढाणकीचा मामा. मी सगळ्यांना पत्र्याखाली नेलं. मुलाने भिंग डोळ्याला लावलं, मी सांगितलं तसं पाहिलं, आणि म्हणाला, "काका, समजलं मले. उजेड बाहेर जाऊनच नाही राह्यला." अरे, मला त्याला मिठी मारावी वाटली. त्याचे बाबा खुर्चीवर बसून रुमालाने घाम पुसत होते. अंगाने जड, गोष्टीवेल्हाळ माणूस. म्हणाले, "मले काही कळत नाही बुवा यातलं. डॉक्टरनं बीपीची गोळी देल्ली, ते बी आठवण झाली तं खातो." सगळे हसले. मग मुलाच्या आईने पदर सावरत म्हटलं, "चांगलाच असंन. पण आठ दिवस देवाजवळ ठेवून पाह्यतो नं आम्ही?"

मुलाने माझ्याकडे पाहिलं. मी काय म्हणालो असेन? वीस वर्षांची जीभ. विचार करायलाही थांबली नाही. मी म्हणालो, "ठेवाच. लाभला पायजे."

घरी आल्यावर बायको म्हणाली, "आपल्या पोरीच्या टायमाले तरी नाही म्हणाचं होतं." मी म्हणालो, "काही होत नाही वं. दगड हाये तो." घरात मी नेहमी असंच बोलायचो. मुलगी ऐकत होती.

मंगळवारी दुपारी मुलाचे बाबा त्यांच्या खताच्या दुकानात बसल्या बसल्या कलंडले. लकवा. उजवं अंग गेलं, बोलणं गेलं. नांदेडला नेलं. बुधवारी सकाळच्या एसटीने मी गेलो. रस्ताभर मी देवाला काय मागत होतो? तो माणूस बरा व्हावा हे मागत होतो, पण त्याच्या आधी हेही मागत होतो की यांना शुक्रवार आठवू नये. लाज वाटते सांगायला, पण हेच मागत होतो.

दवाखान्याच्या व्हरांड्यात मामा उभा होता. बाजूला मुलगा, डोळे सुजलेले. मामाने खिशातून पुडी काढली. पांढऱ्या कपड्यात बांधलेली, कुंकू लागलेलं. म्हणाला, "भाऊ, वापस घ्या. आठ बी दिवस नाही झाले."

मी पुडी घेतली. म्हणालो, "त्यायले बीपी होतं. गोळ्या खात नव्हते, सोता सांगत होते."

"ते खरं हाये. पण बीपी तं दहा सालापासून होतं. आताच काहून झालं?" मग तो हळू आवाजात, अगदी आदराने बोलला. त्याचा आदरच मला खाऊन गेला. "भाऊ, मले तं डाऊट होता या गोष्टीचा. म्या तुम्हाले इचारलं होतं. तुम्हीच म्हणले, असते, सोता पाह्यलं हाये. आता तुम्हीच सांगा."

मुलगा माझ्याकडे पाहत होता. मला त्याचे डोळे अजून दिसतात. तो वाट पाहत होता. त्या व्हरांड्यात एकच माणूस होता ज्याच्या शब्दाला किंमत होती, आणि त्या माणसाने एकदा म्हणावं, की मी खोटं बोललो होतो, धंद्यासाठी बोललो होतो, हा नुसता दगड आहे, माझ्या पोरीचा यात काय संबंध. एवढंच. कदाचित उपयोग झाला नसता. पण त्याला आईपुढे उभं राहायला काहीतरी हातात मिळालं असतं.

मी म्हणालो, "पाहा बा. तुम्हाले जसं वाटते तसं."

खोटारडा म्हणवून घ्यायची भीती वाटली मला. वीस वर्षांच्या माझ्या इज्जतीची भीती वाटली. एसटीत खिडकीशी बसून आलो तेव्हा पुडी खिशात होती आणि मला स्वतःचा असा राग आला होता की स्वतःलाच दोन ठेवून द्याव्या.

आठ-दहा दिवसांनी मामाचाच फोन आला. साक्षगंध होत नाही. "पोरीचा काही दोष नाही, भाऊ. पोरगी सोन्यासारखी हाये. पण खडा तिच्या नावानं घरात आलता नं." मुलीने मोबाइल माझ्या हातातून घेतला, फोन कट झाला होता, परत दिला. एकच विचारलं, "तुम्ही तिथं काय बोलले, बाबा?" मी म्हणालो, "काय बोलणार मी." ती लॅबला निघून गेली. त्या दिवशीही गेली, दुसऱ्या दिवशीही. रडली असेल तर आम्हाला दिसलं नाही.

याला दोन वर्षं झाली. मुलाचे बाबा आता काठी धरून चालतात, दुकानातही बसतात म्हणे. मुलाचं मागल्या साली लग्न झालं. आमच्याकडे त्यानंतर दोन स्थळं आली, दोघांनी ढाणकीत विचारपूस केली, दोन्ही आली तशी गेली. हे तोंडावर कोणी सांगत नाही. "पोराच्या मामीले बरं नाही," "आता वर्षभर करायचं नाही," असं काहीतरी. पण गाव लहान आहे, आणि मी जे वर्षानुवर्षं लोकांच्या कानात भरलं तेच फिरून फिरून माझ्या दारी येऊन राहिलं आहे. मुलगी घरात पाहिजे तेवढंच बोलते. फटकळपणा गेला. मला तो फार आठवतो.

हिरा तिजोरीतच आहे. सेठ म्हणाले, कागद बदला आणि दाखवा. शेकडो वेळा केलेलं काम. मी कोरा कागद घेऊन बसलो आणि कुंकवाचा डाग पडलेली ती जुनी पुडी मला उघडता येईना. तशीच मागे सरकवून ठेवली.

या उन्हाळ्यात एका शुक्रवारी, भर दुपारी, मुलगी दुकानात आली. ती कधी येत नाही. गॉगल डोक्यावर, हातात रक्ताच्या नळ्यांचा डबा. म्हणाली, "बाबा, तो हिरा दाखवा मले."

मी पुडी काढली. दोघं पत्र्याखाली गेलो. तिने भिंग धरलं, रोज मायक्रोस्कोपखाली काचा पाहणारी पोरगी, हात स्थिर. मी सांगत गेलो, हे टेबल, ही कंबर, आता थोडा वाकव, आता पोटाकडे पाहा, कुठं काळं दिसते का? ती बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "कुठंच नाही दिसत." आणि भिंग खाली घेत, "लय सुंदर हाये हो बाबा." तिचा हिरा तिने पहिल्यांदा पाहिला होता.

पुडी बांधता बांधता ती म्हणाली, "आज शुक्रवार हाये. घरी घेऊन या. आठ दिवस आपल्या देवाजवळ ठेवू."

"कायले?"

"काही होत नाही नं? तुम्हीच म्हणता. मंग ठेवू. मी सगळ्यायले सांगतो, आमच्या घरी आठ दिवस होता, पाहा, सगळे धडधाकट हावो."

काय बरोबर बोलली होती! दोन वर्षांत मला हे सुचलं नव्हतं. मी म्हणालो, आणतो. बावीस वर्षांत पहिल्यांदा जांगडवहीत मी माझी स्वतःची सही केली. पुडी शर्टाच्या आतल्या खिशात ठेवली आणि संध्याकाळी निघालो.

स्टँडपर्यंत आलो. तिथं वळणावर एका ट्रकने जोरात ब्रेक मारला, काही झालं नाही, एक स्कूटीवाली पोरगी सावरून पुढे निघून गेली. माझी मुलगी नव्हती. पण माझे पाय तिथंच थांबले. उद्या सकाळी ती स्कूटी काढेल. आठ दिवस काढेल. याच वळणावरून जाईल. मी स्वतःला सांगत होतो, की कंबर, पोट, टेबल, दगड आहे, दगड, तूच म्हणतोस. आणि छातीवर ती पुडी जड जड होत चालली होती. मी मागे फिरलो. शटर अर्धं ओढलेलं होतं. वाकून आत गेलो, पुडी तिजोरीत ठेवली, वहीतली माझी सही खोडली.

घरी आलो तर मुलीने देवघरातली फळी रिकामी केली होती. स्टीलची छोटी ताटली, तीत धुतलेला पांढरा कपडा. तिने हात पुढे केला. मी म्हणालो, "सेठ नाही म्हणले. जांगड बंद केली त्यायनं."

तिने हात मागे घेतला. मग म्हणाली, "सेठच्या आईची शुगर तपासाले मी सकाळीच त्यायच्या घरी गेलती. सेठले इचारूनच तुमच्याकडे आलती. ते म्हणले, नेय माय, तुयासाठीच ठेवला हाये."

मी चप्पल काढायला म्हणून खाली वाकलो. चप्पल आधीच काढलेली होती.

"मंग त्या ढाणकीवाल्यायचं काय चुकलं, बाबा?"

रागाने नाही विचारलं. तिने ताटलीतला कपडा घडी करून कपाटात ठेवला आणि देवाजवळची फळी पुन्हा होती तशी मांडली. सकाळी ती स्कूटी घेऊन निघाली तेव्हा मी दारात उभा होतो, आणि खरं सांगतो, हिरा आपल्या घरात नाही याचं मला बरं वाटलं.